आधी रिफिल, मग पेन

मागच्या अंकात लेथवर केलेल्या लाटण्यांबद्दल लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की हल्ली मी लाकडी पेनंही करतो. त्या एका वाक्यावर जेवढे फोन आले तेवढे सबंध लेखावर आले नाहीत. इंदूरहून दोन, हैदराबादहून एक, आणि इथे बडोद्यात तर मंडळाच्या हळदीकुंकवाला आमच्या सौ.ला गाठून बायकांनी विचारलं. प्रश्न सगळ्यांचा एकच : "पेनची किट कुठून घेता?"

दुकानाचं नाव सांगून मोकळा झालो असतो. पण ज्यांच्याकडून पहिल्यांदा घेतली त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आणि आता ज्यांच्याकडून घेतो त्यांच्याकडूनही डोळे मिटून घेत नाही. तेव्हा आधी माझ्या फजितीची गोष्ट ऐका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. घरी पेन करणारा माणूस सगळं पेन करत नाही. तो करतो फक्त लाकडाचं अंग. बाकी टोक, क्लिप, मधली कडी, रिफिल आतबाहेर करणारी यंत्रणा आणि लाकडाच्या आत बसणारी पितळी नळी, हे सगळं एका पाकिटात तयार मिळतं. ते किट. लाकडाला भोक पाडायचं, नळी चिकटवायची, लेथवर लाकूड हवं तसं उतरवायचं आणि उरलेले भाग दाबून बसवायचे. ऐकायला सोपं, करायलाही फार अवघड नाही. अवघड आहे ते पाकीट निवडणं.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर तीन वर्षांपूर्वी पाडलं. पणजोबांच्या वेळचं घर, खाली दुकानाचे गाळे आणि वर आम्ही. पाडणाऱ्या ठेकेदाराकडून मी माजघरावरच्या सागवानी तुळईचा हातभर तुकडा मागून घेतला. त्यातले खिळे काढले, वाळवी लागलेली बाजू कापून टाकली, आणि २० मिलिमीटर जाड, १३ सेंटिमीटर लांब असे ठोकळे पाडले. निघाले १४. दादा, ताई, दोन चुलतभाऊ, माझा मुलगा आणि मी, अशी सहाजणांना त्या तुळईची सहा पेनं करायची असं ठरवलं. १४ ठोकळे आणि सहा पेनं, म्हणजे लाकूड भरपूर आहे असं वाटलं.

मग किट शोधली. ऑनलाइन सर्वांत स्वस्त मिळाली ती घेतली, १४० रुपयांना एक. लिहिलं होतं 'स्लिमलाइन'. हा सगळ्यात प्रचलित प्रकार, दोन बारीक ७ मिलिमीटरच्या नळ्या, मधे कडी, फिरवलं की टोक बाहेर. ३१ वर्षं मी मकरपुऱ्यात मशीनशॉपमध्ये काढली. व्हर्नियर हातात घेतल्याशिवाय कोणाचा जॉब पास केला नाही. आणि इथे ७ मिलिमीटर लिहिलंय म्हणजे ७ असणार असं समजून थेट भोकं पाडायला बसलो. घरच्या कामात माणूस ऑफिसातली अक्कल ऑफिसातच ठेवून येतो, ती अशी.

दोन पाकिटांतल्या नळ्या ७.१ निघाल्या. भोक ७ चं. गोंद लावून झाला होता, तो सुकायच्या आत नळी आत जायला हवी, म्हणून हलकेच हातोडीने ठोकली. ठोकळा उभा चिरला. तरी पहिला धक्का तेवढाच होता. बाकीची पेनं छान झाली. त्या जुन्या सागाला आत असा काही तेलकट तपकिरी रंग निघाला, की सौ. म्हणाली, हे माजघर आहे हे ओळखू येतंय. दिवाळीत सगळ्यांना एकेक दिलं. ताईला भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात घातलं. ती इंदूरची, तिनं तिथल्या तिथं त्यानं सगळ्या नातवंडांची नावं लिहून पाहिली.

चैत्रात इंदूरला गेलो. ताई दूधवाल्याचा हिशेब लिहीत होती, ते एका बँकेच्या जाहिरातीच्या प्लॅस्टिकच्या पेनानं. मी काही बोललो नाही. दुपारी देवघराचा खण उघडायचा प्रसंग आला, तर कुंकवाच्या डबीशेजारी, रेशमी कापडात गुंडाळलेलं माझं पेन. मी विचारलं, "ताई, हे इथं का गं?" ती आधी म्हणाली, "चांगलं आहे म्हणून जपून ठेवलंय." मग खोदून विचारल्यावर म्हणाली, "अरे, शाई संपली माघात. खजुरी बाजारात चार दुकानं फिरले. म्हणाले, अशी रिफिल आमच्याकडे नाही. आणि ते मधून ओढून उघडायचं म्हणालास ना, मला ओढायला भीती वाटते. मोडलं तर? घराचं लाकूड ते."

माझ्या सख्ख्या बहिणीनं मला तीन महिने हे सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून. आणि ती ७४ वर्षांची बाई माझ्या पेनासाठी चैत्राच्या उन्हात नाही, तरी माघाच्या थंडीत दुकानं पालथी घालत होती.

स्लिमलाइनमध्ये जी रिफिल लागते ती क्रॉस कंपनीच्या पद्धतीची. बारीक, आणि मागच्या टोकाला आटे असलेली. ती आट्यांनी फिरवून बसवायची असते. किटमध्ये पहिली रिफिल मिळते, ती महिनाभर छान चालते, आणि आपण ती संपल्यावर काय हा विचारच करत नाही. मोठ्या पेनांच्या दुकानात क्रॉसची रिफिल मिळते. रावपुऱ्यात मला मिळाली. पण एका रिफिलची किंमत माझ्या सबंध किटच्या दुप्पट होती. तरी घेतली, ताईच्या पेनात बसवली. तर टोक आतच जाईना. किटबरोबर आलेली रिफिल आखूड होती आणि तिच्या मापानं मी यंत्रणा दाबून बसवली होती. खरी रिफिल लांब, म्हणून टोक कायम बाहेर.

हाच प्रकार दादाच्या पेनाचा झाला. त्यानं परस्पर मुंबईहून चांगली रिफिल आणवून घातली होती आणि पेन खिशाला लावून लग्नाला गेला होता. पांढऱ्या सदऱ्यावर निळा डाग. वहिनींनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "भावजी, सागवानाला शाई सुटते का हो?"

दुरुस्ती करून पाहिली. दाबून बसवलेले भाग काढता येतात, नळीच्या आत जाईल अशी बारीक सळई घालून दुसऱ्या बाजूनं हलके हलके ठोकायचं. यंत्रणा निघाली. आता तिच्या जागी चांगली यंत्रणा घालायची, म्हणून दुसऱ्या एका विक्रेत्याकडून नुसत्या यंत्रणा मागवल्या. त्याही 'स्लिमलाइन'च्याच. नळीत घातल्या तर सैल, हातानं निघाव्यात इतक्या. 'स्लिमलाइन' हे नाव आहे, माप नव्हे, हे तेव्हा कळलं. ज्याला जसं परवडेल तसं तो बनवतो आणि नाव तेच ठेवतो. उलटही होतं. अमेरिकेत बरेच मोठे विक्रेते आहेत, एकच पेन प्रत्येकजण वेगळ्या नावानं विकतो. दिसायला अगदी तेच, पण याचं ड्रिल वेगळं, त्याचं वेगळं.

तेव्हा पहिला मुद्दा. किट निवडताना आधी किटकडे बघायचंच नाही. आधी आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जायचं आणि तिथं कोणती रिफिल कायम मिळते ते बघायचं. आपल्याकडे उत्तर सरळ आहे, पार्करची. बडोदा असो, बेळगाव असो की ग्वाल्हेर, पार्करच्या पद्धतीची जाड धातूची रिफिल मिळतेच, आणि त्याच मापाची दुसऱ्या कंपन्यांचीही मिळते. साधारण ९८ मिलिमीटर लांब. या मापाला जी२ म्हणतात. त्याचा पायलटच्या जी-२ नावाच्या जेल पेनशी काही संबंध नाही, ती रिफिल यात जात नाही. माझ्या मुलानं ती चूक केली म्हणून सांगतो. बॉलपेनची किट घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच, "पार्करची रिफिल बसते ना?" तो जर म्हणाला "किटमध्ये रिफिल येते साहेब", तर त्यानं उत्तर दिलेलं नाही.

पार्करची रिफिल घेणाऱ्या किट पुष्कळ आहेत. 'सिगार' नावाची जाडजूड येते, १० मिलिमीटरच्या दोन नळ्यांची. मला आवडली ती 'सिएरा' पद्धतीची, एकच नळी असलेली. खालचा निमुळता भाग सगळा धातूचा, लाकूड फक्त वर. खालचा भाग आटे फिरवून काढला की रिफिल बदलता येते, मधून ओढायची भानगड नाही. आणि हिचा दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. नळी जेमतेम साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या एका ठोकळ्यातून दोन पेनं निघतात. पहिल्या फेरीत सात ठोकळे खर्ची पडले होते, सात उरले होते. एकदम ते चौदा झाले. कागदावर हे गणित केलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता सौ.ला उठवून सांगितलं. तिचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

आता ड्रिल. सिएरा पद्धतीच्या किटला लागतं २७/६४ इंचाचं ड्रिल, म्हणजे १०.७ मिलिमीटर. आपल्याकडच्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं मिळतात, १०.५ आणि ११. दुकानदार म्हणतो, "साडेदस घ्या, थोडं घासून घ्या." मी एकदा ऐकलं. घासायला गोल कानस घातली, भोक तिरपं झालं आणि लेथवर लाकूड एका बाजूनं इतकं पातळ झालं की आतलं पितळ दिसायला लागलं. एक अर्धा ठोकळा गेला. ११ नं पाडलं तर नळी खुळखुळते आणि सगळा भार गोंदावर. औद्योगिक टूलच्या दुकानात १०.७ चं ड्रिल मिळतं, जरा शोधावं लागतं, पण मिळतं. किट मागवायच्या आधी ड्रिल हातात पाहिजे. ते मिळणार नसेल तर ती किट आपली नव्हे.

आणि बुश. लेथवर ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना ज्या पोलादी कड्या लावतात त्या. लाकूड त्यांच्या बरोबरीला आलं की थांबायचं, म्हणजे पुढे बसणाऱ्या धातूच्या भागाशी ते जुळतं. प्रत्येक किटचे बुश वेगळे, हे विक्रेते सांगतात. ते हे सांगत नाहीत की त्याच किटच्या दोन घाण्यांतले धातूचे भागही दहाव्या हिश्श्यानं कमीजास्त असतात, आणि बुशवर काचपेपर घासून घासून बुशही झिजतात. ०.१ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठ्याच्या नखाला लगेच लागतो. पेन हातात घेतल्यावर नख आपोआप तिथंच जातं. म्हणून मी आता बुश फक्त जवळपास येईपर्यंत वापरतो. शेवटचं माप पाकिटातल्या प्रत्यक्ष भागाचं, व्हर्नियरनं, त्या त्या पेनापुरतं. प्रत्येक पाकिटाचे भाग वेगळ्या डबीत. एकदा चार पाकिटं एका ताटलीत ओतून बसलो होतो, ती चूक पुन्हा केली नाही.

वरच्या चमकीबद्दल थोडक्यात. २४ कॅरट सोन्याचा मुलामा दुकानात सर्वांत सुंदर दिसतो आणि सर्वांत आधी जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाच्या हातात तर फारच लवकर. पिवळं हवंच असेल तर टायटॅनियमचा मुलामा विचारा. नाहीतर साधं क्रोम. ते वर्षानुवर्षं टिकतं. लग्नात द्यायला सोनेरी पाहिजे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त देऊन झाल्यावर वर्षभरानं भेटायला जाऊ नका.

शाईचं पेन करणाऱ्यांसाठी वेगळा लेख लिहावा लागेल, तरी एवढं सांगून ठेवतो. तिथं रिफिलच्या जागी दोन गोष्टी बघायच्या, निब आणि शाई ओढणारा कन्व्हर्टर. किटमध्ये 'स्टँडर्ड इंटरनॅशनल' कन्व्हर्टर बसतो का ते विचारा. पार्कर, लॅमी, पायलट यांचे आपापले वेगळे असतात, ते तिथं चालणार नाहीत. निबवर ५ किंवा ६ नंबर असतो. बर्लिनची योवो आणि हायडेलबर्गची बॉक, या दोन जर्मन कंपन्यांच्या निब जगभर वापरतात. दोघांच्याही ६ नंबरच्या निब आहेत, पण निब ज्या नळकांड्यात बसते त्याचे आटे एकमेकांना जुळत नाहीत. आपल्या कानपूरच्याही निब चांगल्या असतात आणि स्वस्त असतात, पण घेताना जुनी निब बरोबर घेऊन जा. नंबरावर विसंबू नका.

आता विक्रेता. आपल्या देशात किट ठेवणारे थोडे. अमेरिकेत मोठे आहेत. फिलाडेल्फियाची पेन स्टेट इंडस्ट्रीज, युटामधली क्राफ्ट सप्लाइज, ओहायोची बेरिया हार्डवूड्स ही नावं या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तिथून मागवायचं तर कुरिअर आणि कस्टम मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. कोणाचा भाचा न्यू जर्सीहून येणार असेल तर त्याच्या बॅगेत दहा पाकिटं सहज मावतात. आमचा भाचा आता येण्याआधी स्वतःच विचारतो, "मामा, लोणच्याच्या बदल्यात किती?" पण परदेशातून आणलेल्या किटचा एक सुटा भाग बिघडला तर पुढच्या भाच्याची वाट बघावी लागते. म्हणून मी विक्रेत्याला, इथला असो वा तिथला, विचारतो : नुसत्या नळ्या वेगळ्या मिळतील का? नुसती यंत्रणा? नळीचं बाहेरचं माप किती? ड्रिल कितीचं? ज्याला ही चार उत्तरं तोंडपाठ आहेत किंवा जो "बघून उद्या सांगतो" म्हणून खरंच दुसऱ्या दिवशी सांगतो, त्याच्याकडून आधी दोन घेतो. दोन्ही पेनं आंब्याच्या नाहीतर बाभळीच्या लाकडात करतो, महिनाभर खिशात वागवतो, रिफिल एकदा बदलतो. मग एकदम लागतील तेवढी आणि वर दोन जास्त, सगळी एकाच वेळी, म्हणजे एकाच घाण्यातली येतात. ही दोन जास्तीची पाकिटं कधीही पेन होत नाहीत. ती सुट्या भागांसाठी. पाकिटातला मापांचा कागद मी वहीत चिकटवतो, तारीख घालून. त्याच नावाची किट पुढच्या वर्षी बदललेली निघाली तर कळतं.

यातलं लाकडाबद्दलचं थोडं मी संखेड्याला शिकलो. बडोद्यापासून ५० किलोमीटरवरचं गाव, तिथले खरादी सागाचे पाय आणि दांडे उतरवून त्यावर लाख चढवतात, ते झोपाळे आणि पाळणे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. तिथल्या एका वयस्कर काकांना मी माझा चिरलेला ठोकळा दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि गुजरातीत विचारलं, भोक पाडल्यावर किती दिवस ठेवलंस? मी म्हटलं, लगेच नळी चिकटवली. ते हसले. भोक पाडलं की लाकूड आतून मोकळं होतं, ते जरा हलतं. त्याला घरात पंधरा दिवस बसू दे, मग पितळ घाल. पितळ आक्रसत नाही, लाकूड आक्रसतं. पावसाळ्यात चिकटवलेलं पेन उन्हाळ्यात चिरलं तर दोष लेथचा नाही. एवढं सांगून त्यांनी ठोकळा परत दिला आणि म्हणाले, जुना साग आहे, हा पुन्हा मिळायचा नाही.

दुसऱ्या फेरीत किट साडेसहाशेची पडली. क्रोमची, सिएरा पद्धतीची, पार्करची रिफिल घेणारी. श्रावणात सहाही पेनं झाली. ताईचं घेऊन स्वतः इंदूरला गेलो. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली, 'पार्करची रिफिल. खालचा भाग डावीकडे फिरवावा.' तिच्यासमोर तीनदा उघडबंद करून दाखवलं. जुनं पेन परत मागितलं तर दिलं नाही. म्हणाली, ते देवघरातच राहू दे, हे लिहायला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. रिफिल संपली होती. घराखालच्या किराण्याच्या दुकानातल्या मुलानं आणून दिली, तिनं स्वतः बसवली. "निळी नव्हती रे त्याच्याकडे, काळी दिली. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल.

माझ्याकडे अजून साडेतीन ठोकळे आहेत. चुलत बहिणींनी यादी दिली आहे, ती सातांची आहे. ड्रिल जपून ठेवलंय.